लोखंड उशाला, केवडा पानाला

शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडू लागली की बहुतेक जण आधी पाणी वाढवतात, नाहीतर खताचा आणखी एक हात देतात. त्याआधी एक पान तोडून उजेडासमोर धरावं. शिरा हिरव्यागार, त्यांचे बारीक फाटेसुद्धा मोजता येतील इतक्या ठळक. दोन शिरांमधली जागा मात्र लिंबासारखी पिवळी, फार झालं असेल तर जवळजवळ पांढरी. आणि खालची जुनी पानं अजून हिरवीच. असं चित्र दिसलं तर पहिला संशय लोहाच्या कमतरतेवर घ्यावा. शेतात ज्याला ‘केवडा पडला’ म्हणतात, तो बऱ्याच वेळा हाच असतो.

जुनी पानं की कोवळी, हा फरक नीट बघण्यासारखा आहे. नत्र कमी पडलं तर झाड जुन्या पानांतलं नत्र काढून नव्या पानांना देतं, म्हणून आधी खालची पानं पिवळी होतात. लोह एकदा पानात बसलं की सहजासहजी तिथून हलत नाही. त्यामुळे मुळांकडून येणारा पुरवठा आटला की त्याची झळ थेट नव्या पालवीला बसते.

कोडं पुढेच आहे. ज्या मातीत हे झाड उपाशी आहे, तिच्यात लोह भरपूर असतं. पृथ्वीच्या कवचात वजनानं सुमारे 5 टक्के लोह आहे. धातूंमध्ये ॲल्युमिनियमनंतर त्याचाच नंबर. बऱ्याच जमिनींत किलोभर मातीमागे 10 ते 50 ग्रॅम लोह सापडतं. झाडाची गरज त्यापुढे काहीच नाही: किलोभर सुक्या पानांत साधारण 100 मिलिग्रॅम असलं तरी भागतं. धरण उशाला आणि कोरड घशाला, अशी ही अवस्था.

मातीतलं लोह झाडाला का मिळत नाही

मातीत लोह दोन रूपांत असतं, फेरस आणि फेरिक. फेरस पाण्यात बऱ्यापैकी विरघळतं. फेरिकचं तसं नाही. हवेतला ऑक्सिजन लागला की फेरसचं फेरिक होतं आणि ते ऑक्साइड-हायड्रॉक्साइडच्या रूपात मातीच्या कणांवर घट्ट बसतं. खिळ्यावर चढणारा गंज आणि तांबड्या मातीचा रंग, दोन्ही याच घराण्यातले. गंजलेला खिळा पाण्यात टाकून ठेवला म्हणून तो विरघळत नाही. मुळापुढची अडचण नेमकी तीच आहे.

त्यात जमिनीचा सामू, म्हणजे पीएच, महत्त्वाचा. तो कमी तर जमीन आम्लधर्मी, जास्त तर अल्कधर्मी. सामू एका अंकानं वाढला की विरघळलेलं फेरिक लोह साधारण हजार पटींनी कमी होतं. म्हणजे सामू 5 वरून 8 वर गेला तर हजार गुणिले हजार गुणिले हजार. उदासीन सामूला मोकळं फेरिक लोह झाडाच्या गरजेपेक्षा काही कोटी पटींनी कमी पडतं. चुनखडीच्या जमिनीत आणखी एक त्रास असतो. तिथलं बायकार्बोनेट मुळांनी सोडलेलं आम्ल तिथल्या तिथे मारून टाकतं. जगातल्या लागवडीखालच्या जमिनीपैकी जवळपास एक तृतीयांश जमीन अशी लोह अडकवून ठेवणारी मानली जाते.

मग जीवसृष्टीनं इतका दुर्मीळ धातू जगण्याच्या मुळाशी का घेतला? कारण तेव्हा तो दुर्मीळ नव्हता. सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन साठू लागला. त्याआधीच्या समुद्रांत फेरस लोह विरघळलेलं होतं, हात घातला की मिळावं असं. पुढे प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवांनीच ऑक्सिजन सोडला आणि आपल्याच गरजेचं लोह गंजात कोंडून टाकलं. आज शेतात पडणाऱ्या केवड्याचं मूळ इतकं मागे जातं, ही गोष्ट मला दर वेळी थक्क करते.

हवं आहे, पण सांभाळून

हरितद्रव्याच्या रेणूत मध्यभागी मॅग्नेशियम असतं, लोह नसतं. तरी लोह नसेल तर पान पिवळं पडतं, कारण हरितद्रव्य घडवण्याच्या साखळीतल्या काही विकरांना (एन्झाइमांना) लोहाशिवाय काम करता येत नाही. शिवाय प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा स्वतः लोहावर उभी आहे. तिच्या ‘फोटोसिस्टिम एक’ या एका भागात लोहाचे 12 अणू लागतात. इलेक्ट्रॉन घ्यायचा आणि पुढे द्यायचा, हे काम लोह फार सफाईनं करतं. पानाच्या पेशीतलं सुमारे 80 टक्के लोह हरितलवकात, म्हणजे प्रकाशसंश्लेषण जिथे चालतं त्या हिरव्या कणांत, असतं ते यासाठीच.

हाच गुण घातकही ठरतो. पेशीत थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड सतत तयार होत असतं. मोकळं फेरस लोह त्याला भेटलं की हायड्रॉक्सिल मूलक जन्माला येतं. ते इतकं जहाल असतं की समोर जे येईल, मग ते पेशीचं पटल असो, प्रथिन असो की डीएनए, त्याला जाळत सुटतं. म्हणून झाडाला लोह ओढून आणायचंही असतं आणि आणलेलं लोह एक क्षणही मोकळं फिरू द्यायचं नसतं. पुढची सगळी यंत्रणा समजून घेताना ही दुहेरी ओढाताण डोळ्यांसमोर ठेवावी. दार उघडण्याइतकीच ते वेळेवर लावण्याची तजवीज झाडानं का करून ठेवली आहे, ते त्याशिवाय कळत नाही.

पहिली रीत: आम्ल सोडा, रूप बदला, आत घ्या

गवतवर्गीय पिकं सोडली तर टोमॅटो, वाटाणा, सोयाबीन, भुईमूग, फळझाडं अशा जवळपास सगळ्या वनस्पती एक रीत वापरतात. लोह कमी पडलं की पांढऱ्या मुळीच्या टोकाजवळच्या पेशी बाहेर आम्ल सोडतात. हे डोळ्यांनी पाहता येतं. अगारच्या जेलीत ब्रोमोक्रेसॉल पर्पल हा रंग मिसळतात. सामू जास्त असताना तो जांभळा असतो, आम्ल लागलं की पिवळा होतो. उपाशी रोपाचं मूळ त्या जेलीवर ठेवलं की काही तासांत मुळाच्या टोकांभोवती पिवळी वलयं उमटतात. बाकीची जेली जांभळीच राहते. मूळ सगळीकडे आम्ल ओतत नाही, कामाच्या जागी ओततं, हे त्या वलयांकडे पाहून कळतं.

आम्लानं थोडं फेरिक लोह सुटतं. पण चुनखडीच्या जमिनीत तेवढं पुरत नाही, म्हणून बऱ्याच वनस्पती सोबत कुमारिन गटाची संयुगं सोडतात. ही संयुगं फेरिक लोहाला धरून कणावरून सोडवतात. अतिनील प्रकाशात त्यांतली काही निळी चमकतात, त्यामुळे अंधाऱ्या खोलीत उपाशी मुळाभोवती निळसर प्रभा दिसते.

सुटलेलं लोह अजून फेरिकच असतं आणि या वनस्पतींना ते त्या रूपात आत घेता येत नाही. मुळाच्या पटलावर एक विकर बसलेलं असतं, ‘एफआरओ-2’. ते पेशीच्या आतून इलेक्ट्रॉन आणून बाहेरच्या फेरिकला देतं आणि त्याचं फेरस करतं. त्याच पटलात शेजारी ‘आयआरटी-1’ नावाचं वाहक प्रथिन असतं. ते फेरसला आत घेतं. हे आत येण्याचं मुख्य दार. ज्या रोपात हे दार जनुकीय बिघाडानं नाहीसं झालं आहे, ते पिवळं पडून मरतं. वरून भरपूर लोह दिलं तरच जगतं.

हे दार सापडलं ते 1996 साली, आणि ज्या युक्तीनं सापडलं ती सांगायलाच हवी. ज्या यीस्टची लोह घेण्याची स्वतःची सोय बंद पाडलेली होती, त्यात संशोधकांनी अरॅबिडोप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपाची जनुकं एकेक करून घातली. लोहाच्या टंचाईतही जी यीस्ट वाढली, तिच्यात वनस्पतीचं दार बसलं होतं. तीन वर्षांनी, 1999 मध्ये, ‘एफआरओ-2’चं जनुकही हाती आलं.

दुसरी रीत: दूत पाठवा, जोडीनं परत आणा

गहू, जव, मका, ज्वारी, ऊस, भात ही गवताच्या कुळातली पिकं वेगळ्या वाटेनं जातात. त्यांची मुळं मातीत छोटे रेणू सोडतात. खेकड्याच्या नांग्यांसारखे हे रेणू फेरिक लोहाला सगळीकडून धरतात, आणि मग ती जोडी जशीच्या तशी मुळात ओढून घेतली जाते. इथे फेरिकचं फेरस करावं लागत नाही, त्यामुळे बायकार्बोनेटचा अडथळाही फारसा जाणवत नाही. जपानी शास्त्रज्ञ ताकागी यांनी 1976 साली मुळांच्या धुवणात लोह विरघळवणारा पदार्थ असल्याचं दाखवलं. पुढे जवाच्या मुळांतून त्याची रचना कळली. जवाला जपानीत ‘मुगी’ म्हणतात, त्यावरून या गटाचं नाव पडलं म्युगिनिक आम्ल.

जवाची मुळं हे रेणू दिवसभर सोडत बसत नाहीत. सूर्योदयानंतरच्या काही तासांतच त्यांचा मोठा लोंढा येतो. मातीतल्या जिवाणूंना हे रेणू खायला आवडतात. थेंब थेंब सोडले तर लोह धरायच्या आतच फस्त होतील. एकदम सोडले तर निदान काही लोहासकट परत येतात. सगळी गवतं यात सारखी नाहीत. जव सर्वांत पुढे, गहू त्याच्या मागे, मका आणि ज्वारी बऱ्याच मागे, आणि भात अगदी शेवटी. चुनखडीच्या जमिनीत कोणतं पीक तग धरतं हे बऱ्याच अंशी या क्रमावर ठरतं. भाताला दुसरीही सोय आहे. पाण्याखालच्या चिखलात ऑक्सिजन नसल्यामुळे फेरस आयतं मिळतं, आणि ते थेट घेणारं दार भातानं ठेवलेलं आहे.

मक्याचा एक वाण आहे, ज्याच्या पानांवर पिवळे पट्टे उठतात. जॉर्ज बीडल यांनी त्याची नोंद 1929 साली केली. लोह-दूताची जोडी आत घेणारं प्रथिनच त्या मक्यात बिघडलेलं आहे, हे जनुक हाती लागल्यावर 2001 साली स्पष्ट झालं. मधली 72 वर्षं ते पट्टे सगळ्यांना दिसत होते.

दूत मातीत मोकळे सोडले जात असल्यामुळे त्यांचा फायदा शेजाऱ्यालाही होतो. चीनमधल्या चुनखडीच्या जमिनीत भुईमूग एकटा लावला तर पिवळा पडतो, मक्याच्या ओळींशेजारी लावला तर बराच हिरवा राहतो. दोघांची मुळं एकमेकांत मिसळली तरच हे घडतं. मध्ये आडवा पडदा घातला की भुईमूग पुन्हा पिवळा.

दार कधी उघडायचं, कोण ठरवतं

इथपर्यंत साधनं झाली. खरा प्रश्न हा की मुळाला कळतं कसं? लोह पुरेसं असताना ‘आयआरटी-1’ जवळपास दिसतच नाही. टंचाई आली की दिवसभरात दारंच दारं उभी राहतात. पुन्हा लोह मिळालं की ती काढून टाकली जातात.

अरॅबिडोप्सिसमध्ये मुळातला कारभार ‘फिट’ नावाच्या प्रथिनाकडे असतो. ते जनुकांवर बसून दारं, विकरं, कुमारिन या सगळ्यांचं उत्पादन एकत्र सुरू करतं. पण त्याला एकट्याला ते जमत नाही. टंचाईत तयार होणारे जोडीदार लागतात. टोमॅटोमध्ये हेच काम करणारं जनुक 2002 साली सापडलं, त्यानंतर 2004 साली ‘फिट’. शिवाय ‘फिट’ फार काळ टिकत नाही. पेशी त्याला सतत मोडत असते आणि नवं घडवत असते. वरवर पाहता हा अपव्यय वाटेल. मला त्यात शहाणपण दिसतं: हुकूम देणारा अल्पायुषी असला की परिस्थिती बदलताच जुना हुकूम आपोआप थांबतो.

या साखळीत आणखी वर गेलं की ‘ब्रूटस’ नावाचं प्रथिन भेटतं. त्याच्या एका टोकाला लोह धरणाऱ्या जागा आहेत. दुसरं टोक इतर प्रथिनांवर ‘हे मोडा’ असा शिक्का मारतं. ‘फिट’च्या जोडीदारांना जागं करणारी जी प्रथिनं असतात, त्यांच्यावरच तो शिक्का पडतो आणि लोह घेण्याचं काम मंदावतं. भातातही अशाच घडणीची प्रथिनं हेच काम करतात. सजीवांत लोह मोजणारी प्रथिनं मोजकीच माहीत आहेत, आणि लोह स्वतः धरून त्याच्या हिशोबानं वागणारं ‘ब्रूटस’ त्यांतलं एक मानलं जातं. विशेष म्हणजे टंचाईत ‘ब्रूटस’चं उत्पादनही वाढतं. वेग वाढवताना ब्रेकवर पाय तयार ठेवावा, तसं.

मग टंचाईत ब्रेक सैल कोण करतं? 2018 साली दोन संशोधक गटांनी ‘आयएमए’ नावाच्या छोट्या पेप्टाइडांचा गट पुढे आणला. जेमतेम 50 अमिनो आम्लांची ही साखळी. टंचाईत ती भरपूर तयार होते आणि ‘ब्रूटस’ला स्वतःमध्ये गुंतवून ठेवते. शिक्का मारणारा हात तिथेच अडकला की लोह घेण्याची आज्ञा देणारी प्रथिनं वाचतात.

मुळाला फक्त मुळातली टंचाई कळून भागत नाही, कारण खरा ग्राहक वर पानात आहे. याचा फार सुंदर पुरावा वाटाण्यात मिळाला. वाटाण्याचा एक वाण गरज नसताना लोह ओढतच राहतो, इतका की त्याची पानं लोहानं खराब होतात. 1996 साली संशोधकांनी कलम केलं: खाली निरोगी वाटाण्याचं मूळ, वर या वाणाचा शेंडा. निरोगी मूळसुद्धा उपाशी असल्यासारखं वागू लागलं. उलट कलम केल्यावर, म्हणजे बिघडलेल्या वाणाच्या मुळावर निरोगी शेंडा बसवल्यावर, मूळ शहाण्यासारखं वागलं. हुकूम वरून खाली येत होता. पानांतून रसवाहिन्यांत लोह चढवणारं ‘ओपीटी-3’ हे प्रथिन या निरोपाचा महत्त्वाचा दुवा आहे. ते बिघडलं तर पानांत लोह तुडुंब आणि मुळं मात्र टंचाईचा गजर करत राहतात.

‘आयआरटी-1’ हे दार फार चोखंदळ नाही. फेरससोबत जस्त, मँगनीज, कोबाल्ट आणि विषारी कॅडमियमसुद्धा त्यातून आत शिरतं. म्हणून लोहासाठी दारं उघडली की हे पाहुणेही येतात. 2018 साली कळलं की दाराच्या आतल्या बाजूला एक पट्टा आहे, त्याला जस्त-मँगनीजसारखे धातू चिकटतात. ते जास्त झाले की त्या दारावरच ‘मोडा’ असा शिक्का पडतो आणि पेशी त्याला आत ओढून नष्ट करते. म्हणजे काय काय आत आलं याची खबर दार स्वतःच ठेवतं. या सगळ्या विषयात मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच.

आत आल्यावर

आत आलेलं लोह कधी मोकळं सोडलं जात नाही. जलवाहिन्यांतून वर जाताना सायट्रेट त्याला धरतं, रसवाहिन्यांत निकोटियानामाइन. हे निकोटियानामाइन न बनवणारा टोमॅटोचा एक वाण आहे. त्याच्या पानांत लोह असूनही ती पिवळी पडतात, कारण योग्य जागी पोचवणारं कुणी नाही. उरलेलं लोह फेरिटिन नावाच्या पोकळ गोळ्यात बंद होतं. एका गोळ्यात 4,500 पर्यंत अणू मावतात. तरीही पाणथळ, आम्लधर्मी जमिनीत फेरसचा पूर आला तर भाताची पानं तांबूस ठिपके पडून करपतात.

पिवळ्या पानाला काय द्यायचं

फ्रान्समध्ये यूझेब ग्री यांनी 1840च्या दशकात पिवळ्या पानांना लोहाच्या क्षाराचं द्रावण लावलं आणि पानं हिरवी झाली. लोहाची फवारणी ती इतकी जुनी आहे, आणि आजही लागू पडते. मात्र ती त्याच पानांपुरती. पुढची पालवी पुन्हा पिवळी येऊ शकते.

हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, चुनखडीच्या जमिनीत नुसतं टाकलं तर थोड्याच वेळात त्याचं फेरिक होऊन ते अडकून बसतं. पैसे मातीत जातात. चिलेटेड, म्हणजे धरून ठेवणाऱ्या रेणूत (चिलेटमध्ये) बांधलेलं, लोह घेताना चिलेट कोणतं ते बघावं. ईडीटीए साधारण 6.5 सामूपर्यंत लोहाला धरून ठेवतं; ईडीडीएचए 9 च्या आसपासही सोडत नाही. जास्त सामूच्या जमिनीत ईडीटीए घालून फरक पडला नाही, तर दोष झाडाचा नाही. वाफसा न येऊ देता पाणी देत राहिलं तर चुनखडीच्या जमिनीत बायकार्बोनेट वाढतं आणि केवडा अधिक गडद होतो. कित्येकदा पाणी ताणून दिलं की निम्मं काम होतं.

बीमध्ये ठेवलेली शिदोरी

नुकतं उगवलेलं मूळ अजून आम्ल सोडत नाही, त्याच्याकडे दारंही नाहीत. तरी पहिली पानं हिरवी निघतात. ते लोह आईनं बीमध्ये ठेवलेलं असतं. 2006 साली अरॅबिडोप्सिसच्या इवल्याशा बीमध्ये लोह नेमकं कुठे आहे, ते क्ष-किरणांनी बी न कापता पाहिलं गेलं. पुढे जिथे शिरा होणार, त्या पेशींच्या रेघेत ते शिस्तीत बसलेलं होतं. ‘व्हीआयटी-1’ हे प्रथिन ते तिथल्या रिक्तिकांमध्ये, म्हणजे पेशींमधल्या साठवणीच्या पिशव्यांत, भरतं. हे प्रथिन नसलेल्या बीमध्येही एकूण लोह तेवढंच होतं, फक्त जागा चुकलेली. सामू जास्त असलेल्या मातीत पेरल्यावर त्या रोपांची वाढ खुंटली. ज्या बियांमध्ये लोह शिरांच्या जागी होतं, त्यांची रोपं त्याच मातीत उगवून आली आणि मुळं तयार होईपर्यंत त्यावर जगली.